मुखदुर्गंधी : कारणमीमांसा आणि उपचार यांचा ऐतिहासिक आढावा

सारांश

मुखदुर्गंधी हा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. तथापि या विकाराची कारणे कोणत्या काळात कशी सांगितली गेली आणि त्यावर कोणते उपाय योजले गेले, याचा इतिहास समाजाच्या आरोग्यविषयक जाणिवांवर प्रकाश टाकतो. प्रस्तुत लेखात आयुर्वेदाच्या संहितांपासून विसाव्या शतकातील जाहिरातींपर्यंत आणि आधुनिक प्रयोगशाळांपर्यंतचा आढावा घेतला आहे. दुर्गंधीचे मूळ दूर करणे आणि दुर्गंधी सुवासाने झाकणे असे उपचारांचे दोन प्रवाह प्राचीन काळापासून शेजारी शेजारी वाहत आले आहेत. झाकण्याचा प्रवाह नेहमीच अधिक लोकप्रिय राहिला आणि त्याची किंमत समाजाला मोजावी लागली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : मुखदुर्गंधी, दंतकाष्ठ, जिव्हानिर्लेखन, तांबूल, मिश्री, गंधकयुक्त वायू.

१. प्रस्तावना

इतिहासलेखनात राजकीय घडामोडींना जेवढे स्थान मिळाले तेवढे माणसाच्या दैनंदिन शरीरव्यवहाराला मिळाले नाही. सकाळी उठल्यावर माणूस तोंड कशाने धुतो, दात कशाने घासतो, जेवणानंतर काय चघळतो, या गोष्टी बखरींत वा दफ्तरांत सहसा नोंदल्या जात नाहीत. परंतु याच गोष्टींतून त्या काळातील वैद्यकज्ञान, व्यापार, सामाजिक प्रतिष्ठा आणि लज्जेच्या कल्पना व्यक्त होत असतात.

महाविद्यालयात अध्यापन करताना एक गोष्ट वारंवार लक्षात येते. काही विद्यार्थी बोलताना तोंडापुढे हात धरतात, मागच्या बाकावर बसतात, तोंडी परीक्षेला टाळाटाळ करतात. त्यामागे दरवेळी अभ्यासाचा अभाव असतोच असे नाही. आपल्या तोंडाला वास येतो, ही भीती कित्येकदा कारणीभूत असते. असा विद्यार्थी दंतवैद्याकडे जात नाही. तो पानाच्या टपरीवरून बडीशेप, सुगंधी सुपारी किंवा त्याहून घातक असे काहीतरी विकत घेतो. लाज आणि उपचार यांच्यातील हे अंतर कसे निर्माण झाले, या प्रश्नातून प्रस्तुत लेखाची निर्मिती झाली आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(अ) प्राचीन भारतीय ग्रंथांतील मुखदुर्गंधीच्या कारणमीमांसेचा परिचय करून घेणे.
(ब) तांबूल व तंबाखू यांच्या प्रसाराचा मुखारोग्याशी असलेला संबंध तपासणे.
(क) आधुनिक विज्ञान व जाहिरातव्यवसाय यांनी या विषयाला दिलेल्या वळणांची चिकित्सा करणे.

त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. प्राचीन ग्रंथांतील विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दिनचर्येचे विवेचन आले आहे. दिवसातून दोन वेळा दात घासावेत, त्यासाठी तुरट, तिखट वा कडू रसाच्या झाडाची काडी घ्यावी, तिचे टोक चावून मऊ करावे आणि हिरड्यांना इजा होणार नाही अशा रीतीने ती वापरावी, असे तेथे सांगितले आहे. करंज, कण्हेर, रुई, अर्जुन इत्यादी वृक्षांची नावे या संदर्भात येतात. या क्रियेने दुर्गंध व तोंडाची बेचव दूर होते, असे फलही सांगितले आहे.

याच अध्यायातील जिव्हानिर्लेखनाचा, म्हणजे जीभ खरवडण्याचा, भाग विशेष लक्षणीय आहे. सोने, रुपे, तांबे, कथील किंवा पितळ यांची, धार नसलेली व वाकवलेली पट्टी त्यासाठी वापरावी, असे चरक सांगतो. जिभेच्या मुळाशी साचलेल्या मळामुळे दुर्गंधी उत्पन्न होते, म्हणून जीभ खरवडावी, असे कारणही तो देतो. कारण आणि उपाय यांची अशी थेट सांगड येथे घातलेली आढळते, ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात दातवणाची लांबी बारा अंगुळे आणि जाडी करंगळीएवढी सांगितली आहे. कडू झाडांत कडुनिंब, तुरट झाडांत खैर, गोड झाडांत मोह आणि तिखट झाडांत करंज श्रेष्ठ, असा निवाडाही दिला आहे. शिवाय सुश्रुताने पासष्ट मुखरोगांची गणना केली असून त्यांपैकी शीताद, उपकुश यांसारख्या हिरड्यांच्या रोगांत रक्तस्राव आणि दुर्गंधी ही लक्षणे एकत्र नोंदवली आहेत. हिरड्यांतून रक्त येणे आणि तोंडाला वास येणे यांचा परस्परसंबंध त्याच्या ध्यानात आला होता, असे यावरून म्हणता येते.

वाग्भटाने यापुढे जाऊन कारणांचे वर्गीकरण केले. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात तो दोन स्वतंत्र अवस्था सांगतो. एका अवस्थेत दातवणादी क्रियांचा कंटाळा करणाऱ्या मनुष्याला पूत्यास्यता, म्हणजे मुखदुर्गंधी, जडते. दुसऱ्या अवस्थेत अर्श, गुल्म इत्यादींमुळे खाली अडलेला वायू वर येऊन तोंडाला दुर्गंधी आणतो. पहिले कारण तोंडातले आणि दुसरे शरीरातल्या अन्य व्याधीचे, असा भेद येथे केलेला आहे.

वैद्यकाबाहेरील साधनेही या विचाराला पुष्टी देतात. बौद्ध विनयपिटकात दातवण न करण्याचे पाच तोटे सांगितले आहेत व त्यांत तोंडाला वास येणे हा एक आहे. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात येऊन नालंदा येथे अनेक वर्षे राहिलेला चिनी भिक्षू इत्सिंग याने विहारांतील दिनचर्येचे तपशीलवार वर्णन केले आहे. भिक्षू रोज सकाळी दातवण चघळीत, नंतर ते उभे चिरून त्याने जीभ खरवडीत आणि चूळ भरीत, असे तो लिहितो. ग्रंथांतील नियम किमान विहारांत तरी प्रत्यक्ष आचरणात होता, याची ही साक्ष होय. अर्थात हे सर्व ग्रंथ विशिष्ट वर्गांसाठी लिहिले गेले होते. सोन्यारुप्याची पट्टी सामान्य कुणब्याच्या घरी असणे शक्य नव्हते. झाडाची काडी मात्र सर्वांना उपलब्ध होती.

४. तांबूल : सुवासाचा प्रवाह

चरकाने जीभ खरवडण्यास सांगितल्यानंतर लगेचच मुखशुद्धीसाठी तोंडात धरावयाच्या द्रव्यांची यादी दिली आहे. तीत जायफळ, लवंग, कंकोळ, वेलदोडा, कापूर, विड्याचे पान आणि सुपारी यांचा समावेश होतो. मळ काढण्याचा आणि सुवास देण्याचा असे दोन्ही उपाय एकाच अध्यायात, एकामागोमाग एक आले आहेत. चरकाच्या मांडणीत त्यांचा क्रम निश्चित आहे. प्रथम स्वच्छता आणि त्यानंतर सुवास.

पुढील काळात हा क्रम बदलत गेला. तांबूल हा आरोग्याचा उपाय न राहता ऐश्वर्याचे लक्षण बनला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या उपभोगांमध्ये तांबूलभोगाला स्वतंत्र स्थान आहे. दख्खनमध्ये विडा हा आदरातिथ्याचा, मंगलकार्याचा आणि दरबारी मानाचा अविभाज्य घटक झाला. एखादे कठीण काम स्वीकारणे याला मराठीत ‘विडा उचलणे’ म्हणतात, यातही त्या परंपरेची खूण सापडते.

विड्याचे सांस्कृतिक मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु आरोग्याच्या दृष्टीने येथे एक विसंगती आढळते. चरकाने ज्या यादीत लवंग आणि वेलदोडा घातले त्याच यादीत सुपारीही होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात सुपारीला, तंबाखू नसतानाही, मानवास कर्करोगकारक ठरवले. प्राचीन ग्रंथांत जीभ खरवडण्याविषयीचे अचूक निरीक्षण आहे म्हणून त्यांतील सर्व काही निर्दोष मानता येत नाही, ही गोष्ट अभ्यासकाने ध्यानात ठेवली पाहिजे.

५. तंबाखू आणि मिश्री

सोळाव्या शतकात पोर्तुगिजांमार्फत तंबाखू पश्चिम किनाऱ्यावर आली. तेथून ती दख्खनमध्ये पसरली. अकबराचा अधिकारी असद बेग याला १६०४ च्या सुमारास विजापूर येथे तंबाखू पाहावयास मिळाली. तिचा नमुना व नक्षीदार हुक्का त्याने बादशहाला सादर केला, तेव्हा दरबारातील हकिमांनी या अपरिचित वस्तूच्या सेवनाला आक्षेप घेतला होता. जहांगिराने १६१७ साली धूम्रपानाविरुद्ध हुकूम काढला. त्याचा विशेष परिणाम झाला नाही.

कालांतराने तंबाखू विड्यात शिरली आणि महाराष्ट्रात तिने आणखी एक रूप धारण केले. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून व कुटून केलेली पूड, म्हणजेच मिश्री, दात घासण्यासाठी वापरली जाऊ लागली. ग्रामीण भागातील स्त्रियांमध्ये ही सवय विशेषत्वाने रूढ झाली. राखुंडी, कोळसा, मीठ, बाभळीची काडी यांच्या पंक्तीत मिश्री जाऊन बसली. मिश्रीने दातदुखी थांबते, तोंडाचा वास जातो, पोट साफ होते, अशा समजुती तिच्याभोवती निर्माण झाल्या. दात घासणे हे निमित्त राहिले आणि दिवसातून तीन-चार वेळा हिरडीवर तंबाखू चोळणे हे व्यसन झाले. स्त्रीने उघडपणे तंबाखू खाणे निंद्य मानणाऱ्या समाजाने मिश्रीला मात्र दंतमंजन म्हणून मान्यता दिली. स्वच्छतेच्या नावाखाली व्यसनाला मिळालेला हा घरगुती परवाना होय.

प्रत्यक्षात तंबाखूचा वास हा स्वतःच एक दुर्गंध आहे. शिवाय तंबाखूमुळे हिरड्यांचे रोग बळावतात आणि हिरड्यांचे रोग हे मुखदुर्गंधीचे एक प्रमुख कारण आहे. म्हणजे उपाय म्हणून स्वीकारलेली वस्तू रोगाला पोसत राहते. सतत तंबाखू लागणाऱ्या जागी पांढरे चट्टे उमटतात आणि त्यांचे रूपांतर कर्करोगात होऊ शकते.

शासनाने १९९२ साली तंबाखूयुक्त दंतमंजन व टूथपेस्ट यांच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घातली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. महाराष्ट्रात २००२ साली गुटख्यावर घातलेली बंदी २००४ मध्ये न्यायालयात टिकली नाही. २०१२ साली नव्या अन्नसुरक्षा कायद्याखाली ती पुन्हा लागू करण्यात आली. कारखान्यातील मालावर कायद्याची नजर पडली, पण चुलीवर भाजलेली मिश्री त्या नजरेच्या पलीकडेच राहिली.

६. सूक्ष्मदर्शकाचे युग

युरोपात या विषयाला वेगळे वळण मिळाले ते डेल्फ्ट येथील कापडव्यापारी आंतोनी व्हान लेवेनहूक याच्यामुळे. १७ सप्टेंबर १६८३ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःच्या दातांतील मळाचे निरीक्षण नोंदवले. तो रोज मिठाने दात घासत असे. तरीही दातांच्या फटींत पिठासारखा पांढरा पदार्थ उरत असे. तो पावसाच्या पाण्यात मिसळून भिंगाखाली पाहिला असता त्यात असंख्य सजीव हालचाल करताना दिसले. ज्याने आयुष्यात कधी तोंड स्वच्छ केले नव्हते अशा एका वृद्धाच्या दातांतील मळही त्याने तपासला आणि त्यात तर जीवांची विलक्षण गर्दी आढळली.

या निरीक्षणाचा वैद्यकीय अर्थ लागण्यास दोन शतके जावी लागली. १८७४ साली न्यूयॉर्क येथील डॉ. जोसेफ हाउ याने श्वासाला दुर्गंध आणणाऱ्या रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बर्लिन येथे काम करणारा अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर याचा मुखातील सूक्ष्मजीवांवरील ग्रंथ १८९० साली इंग्रजीत आला. तोंडात राहिलेल्या अन्नकणांवर जंतूंची क्रिया होते व त्यातून दातांचे नुकसान होते, हे त्याने प्रयोगांनी दाखवले.

भारतात आधुनिक दंतवैद्यकाचे शिक्षण उशिरा सुरू झाले. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्ता येथे देशातील पहिले दंत महाविद्यालय स्थापन केले. दंतवैद्यक व्यवसायाचे नियमन करणारा कायदा १९४८ साली झाला. तोवर बहुसंख्य जनतेचा दंतवैद्य म्हणजे बाजाराच्या दिवशी चिमटा घेऊन बसणारा दात काढणारा इसमच होता.

७. जाहिरातीने घडवलेली लज्जा

१८७९ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे जोसेफ लॉरेन्स याने एक जंतुनाशक द्रव तयार केला. शस्त्रक्रियेत जंतुनाशनाचा पुरस्कार करणाऱ्या जोसेफ लिस्टर यांच्या नावावरून त्याला लिस्टरिन असे नाव देण्यात आले. आरंभी त्याचा उपयोग शस्त्रक्रियेसाठी व जखमांसाठी होत असे. १९१४ पासून तो चिठ्ठीविना मिळू लागला.

१९२० च्या दशकात उत्पादकांनी ‘हॅलिटोसिस’ हा वैद्यकीय लिखाणात क्वचित आढळणारा शब्द जाहिरातींतून घराघरात नेला. लॅटिनमधील श्वासवाचक शब्दाला ग्रीक प्रत्यय जोडून बनलेले हे नाव ऐकताच एखाद्या गंभीर रोगाची भीती वाटावी, असे होते. त्या काळातील एका गाजलेल्या जाहिरातीत दरवेळी मैत्रिणींच्या लग्नात करवली म्हणून मिरवणारी, पण स्वतःचे लग्न न जुळणारी तरुणी दाखवली होती. तिच्या दुःखाचे कारण तोंडाचा वास, तो तिला स्वतःला कळत नाही आणि जवळचे लोक सांगत नाहीत, असा जाहिरातीचा आशय होता.

या प्रचारात अर्धे सत्य होते. सतत येणाऱ्या वासाला आपले नाक सरावते, त्यामुळे स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःला नीट कळत नाही, हे खरेच आहे. परंतु या सत्याचा उपयोग कारण शोधण्यासाठी न होता भीती पेरण्यासाठी झाला. याच द्रवाने सर्दी व घशाचे विकार टळतात, असा दावाही दीर्घकाळ केला गेला. १९७५ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तो अमान्य करून जाहिरातींतूनच त्याची दुरुस्ती करण्याचा आदेश दिला.

८. गंधकयुक्त वायूंचा शोध

दुर्गंधीचे रसायन खऱ्या अर्थाने उलगडले ते १९६० व १९७० च्या दशकांत. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील जोसेफ टोनझेटिच यांनी श्वासातील वायूंचे पृथक्करण करून दाखवले की, मुखदुर्गंधीस प्रामुख्याने हायड्रोजन सल्फाइड व मिथाइल मरकॅप्टन हे गंधकयुक्त वायू कारणीभूत असतात. जिभेच्या मागील खडबडीत भागात आणि हिरड्यांच्या खोबणीत प्राणवायूशिवाय जगणारे जंतू वस्ती करतात. लाळ, अन्नकण व गळून पडलेल्या पेशी यांतील प्रथिनांचे ते विघटन करतात. त्यातून हे वायू निर्माण होतात. झोपेत लाळ कमी होते म्हणून सकाळी वास अधिक येतो. उपवासात किंवा पाणी कमी प्यायल्याने तोंड कोरडे पडते, तेव्हाही तसेच घडते.

बेल्जियममधील लुव्हेन विद्यापीठाच्या चिकित्सालयाने २००९ साली दोन हजार रुग्णांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ७६ टक्के रुग्णांत कारण तोंडातच होते व त्यात जिभेवरील थराचा वाटा सर्वांत मोठा होता. नाक, कान, घसा व अन्य कारणे अल्प होती. विशेष म्हणजे सुमारे १६ टक्के रुग्णांना दुर्गंधी नव्हतीच, केवळ ती असल्याची खात्री वा भीती होती. जिभेच्या मुळाकडे बोट दाखवणारा चरक आणि भीतीचा व्यापार करणारी जाहिरात, या दोहोंचे प्रतिबिंब एकाच पाहणीत पडलेले दिसते.

९. उपचारांची आजची दिशा

उपरोक्त ज्ञानाच्या आधारे उपचारांचा क्रम सहज सांगता येतो. दिवसातून दोन वेळा दात घासणे, दातांच्या फटी स्वच्छ करणे आणि जिभेचा मागील भाग हलक्या हाताने खरवडणे ही पहिली पायरी होय. हिरड्यांतून रक्त येत असल्यास अथवा दात किडला असल्यास दंतवैद्याकडून कीटण काढून घेणे व दात भरून घेणे आवश्यक ठरते. चूळ भरण्याच्या औषधी द्रवांचा उपयोग पूरक म्हणून, तोही वैद्यकीय सल्ल्याने व्हावा. तंबाखू, मिश्री व सुपारी यांचा त्याग हा उपचाराचाच भाग आहे. तोंड निरोगी असूनही वास टिकून राहिल्यास नाक, घसा, मधुमेह, मूत्रपिंड वा यकृत यांची तपासणी करावी लागते. वाग्भटाने केलेला भेद येथे वेगळ्या रूपात पुन्हा भेटतो.

तथापि जीभ खरवडणे हा रामबाण उपाय नव्हे. या विषयावरील अभ्यासांचा २००६ साली घेतलेला कॉक्रेन आढावा सांगतो की, ब्रशच्या तुलनेत पट्टीचा लाभ थोडा व अल्पकाळ टिकणारा आहे. जंतू पुन्हा वाढतात. म्हणून ही क्रिया रोज करावी लागते. दिनचर्येत तिला दिलेले स्थान या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते.

१०. निष्कर्ष

१. मुखदुर्गंधीचे मुख्य स्थान तोंडातच, विशेषतः जीभ व हिरड्या येथे असते, हे निरीक्षण प्राचीन भारतीय ग्रंथांत आढळते. त्यामागील जंतू व वायू यांची यंत्रणा मात्र आधुनिक विज्ञानाने स्पष्ट केली.

२. मूळ काढणे व वास झाकणे हे दोन्ही उपाय आरंभापासून सोबत होते. तांबूल, मिश्री, गुटखा आणि सुगंधी द्रव यांच्या प्रसारात झाकण्याच्या उपायाने मूळ उपायाला मागे सारले.

३. झाकण्याच्या उपायांपैकी सुपारी व तंबाखू यांनी दुर्गंधीपेक्षा कितीतरी भयंकर व्याधी दिल्या. मिश्रीच्या रूपाने त्याचा भार ग्रामीण स्त्रियांवर विशेष पडला.

४. दुर्गंधीविषयीची लज्जा काही अंशी बाजाराने घडवलेली आहे. ही लज्जा रुग्णाला दंतवैद्यापासून दूर ठेवते.

मागच्या बाकावर तोंडापुढे हात धरून बसणाऱ्या विद्यार्थ्याला या इतिहासातून एवढे तरी सांगता येते की, त्याची व्यथा फार जुनी आहे, तिचे कारण बहुधा जिभेवर किंवा हिरडीत आहे आणि ते दूर करता येते. शाळा-महाविद्यालयांतील आरोग्य तपासणीत डोळे व वजन यांच्याबरोबरच तोंडही तपासले जावे, आणि मिश्री लावणाऱ्या आया-आज्यांपर्यंत ही तपासणी पोहोचावी, अशी अपेक्षा या निमित्ताने व्यक्त करावीशी वाटते.